बाक झाडातच असावा लागतो

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शिमग्याचे दिवस आले की देवरूखच्या आसपासच्या गावांतून ग्रामदेवतेची पालखी बाहेर पडते. रुपे लागतात, ढोल-ताशे वाजू लागतात, पालखी सहाणेवर बसते आणि मग घरोघर जाते. लोक रुप्यांकडे बघतात, हात जोडतात. मी मात्र आधी दांडीकडे बघतो. माझे वडील गावचे सुतार. त्यांनी आमच्या गावच्या पालखीची दांडी दोनदा केली. पहिली मोडली, दुसरी आजही आहे. त्या दोन दांड्यांविषयी आज बोलायचे आहे.

पालखीला आपण वाहन म्हणतो, पण मुळात ते घरातलेच सामान. संस्कृतात पलंगाला पर्यंक किंवा पल्यंक म्हणतात. पलंग आणि पालखी हे दोन्ही शब्द त्याच कुळातले. पोर्तुगीजांनी हा शब्द आपल्याकडून उचलला आणि पुढे तो इंग्रजीत पॅलॅन्क्विन झाला. म्हणजे दांडीला टांगलेला, चारचौघांनी खांद्यावर घेतलेला पलंग म्हणजे पालखी.

ही दांडी सरळ का नसते? खांदेकऱ्याचा खांदा जमिनीपासून साधारण साडेचार फुटांवर येतो. तेवढ्या उंचीवर सरळ दांडी धरून खाली बैठक टांगली, तर बसणाऱ्याचे डोके दांडीला लागणार. बैठक आणखी खाली घ्यावी, तर ती वाटेतल्या दगडांना घासणार. म्हणून दांडी मधे कमानीसारखी उचललेली असते आणि तिची टोके खांद्याच्या उंचीला उतरतात. हा बाक शोभेसाठी नाही, गरजेतून आलेला आहे.

तो मिळवणे मात्र सोपे नव्हते. सतराव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या युरोपीय प्रवाशांनी लिहून ठेवले आहे, की पालखीसाठी बांबू कोवळा असतानाच वाकवून वाढवत आणि चांगला बाक आलेल्या बांबूला मोठी किंमत पडे. मराठेशाहीत पालखी वापरण्याचा मान दरबाराकडून मिळत असे आणि तिच्या खर्चासाठी वेगळी नेमणूक असे. देवाच्या आणि संतांच्या वाट्यालाही हाच मान आला. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये देहूहून पालखी सोहळा सुरू केला. पुढे रस्ते झाले, गाड्या आल्या आणि माणसांच्या पालख्या गेल्या. देवांच्या राहिल्या. आमच्याकडे मकर संक्रांतीला मार्लेश्वराचे साखरप्याच्या गिरिजादेवीशी लग्न लागते, तेव्हा पालख्या सह्याद्रीचा चढ चढून जातात.

मी शाळेत होतो तेव्हाची गोष्ट. गावची जुनी दांडी किडली होती. वडिलांनी नवी करायला घेतली. त्यांच्याकडे सागाचा एक जाड, सरळ, निर्दोष ओंडका होता. त्यावर त्यांनी कमान आखली, करवतीने बाक कापून काढला, रंधा मारला, तेल दिले. दांडी १४ फुटांची. बघणारा बघत राहावा अशी. शिमग्याला पालखी नाचवायला घेतली आणि दुसऱ्याच दिवशी सहाणेसमोर कडकन आवाज झाला. खांदेकऱ्यांनी पालखी वरच्या वर झेलली म्हणून देव जमिनीला लागले नाहीत. ढोल थांबले. वडील गर्दीत मागे उभे होते. ते पुढे झाले, मोडलेला तुकडा उचलला आणि न बोलता घरी आले.

त्या रात्री त्यांनी तो तुकडा मला कंदिलाजवळ दाखवला. लाकडाचे तंतू ओंडक्यात सरळ धावत होते आणि दांडी मात्र वळत होती. जिथे वळण उतरत होते तिथे तंतू मधेच तुटून बाहेर पडले होते. नेमकी तिथेच दांडी चिरली. "लाकडाला दोष नाही, मीच आडवं कापलं," एवढेच ते म्हणाले.

गावात बैठक झाली. काहींचे म्हणणे होते, की आता बाहेरून तयार दांडी आणावी. सुतारालाही पालखीत मान असतो, नारळ असतो. बाहेरची दांडी आली असती तर तो नारळ राहिला असता, पण तो घेताना वडिलांची मान खाली गेली असती. शेवटी एका वृद्ध मानकऱ्यांनी निकाल दिला, की ज्याच्या हातून मोडली त्याच्याच हातून व्हावी. आईने त्या दिवशी देवापुढे दिवा लावला, तो मला अजून आठवतो.

वडिलांनी बांबूच्या कांबीचा फर्मा केला आणि पावसाळाभर तो खांद्यावर टाकून ते डोंगरउतार पालथे घालत राहिले. उतारावरचे झाड बुंध्याशी बाहेर झुकते आणि मग उजेडासाठी वर वळते. त्याचे तंतूही त्याच्याबरोबर वळतात. होड्या बांधणारे कारागीरही बांधणीसाठी अशीच मुळात वाकलेली लाकडे शोधतात. अखेर एका ओळखीच्यांच्या मालकीच्या जमिनीत फर्म्याला जुळणारा साग सापडला. रीतसर परवानगी काढून तो तोडला. त्याच्या दोन्ही टोकांना शेण लिंपले, म्हणजे टोके लवकर सुकून तडकत नाहीत. ओंडका पुढचा सगळा पावसाळा सावलीत पडून राहिला. शिमगा एकदा उसन्या दांडीवर निभावला.

मग वाकस हातात घेतला. या वेळी आखणी नावापुरतीच होती. तंतू जसा वळेल तसे लाकूड उतरवायचे, त्याला आडवे जायचे नाही. त्यामुळे दांडीचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा बोटभर उंच राहिला. तो त्यांनी तसाच ठेवला. चौकट आणि वरची कमान खाच आणि कूस पाडून जोडली. शेवटी दांडी दोन घोड्यांवर ठेवून मधोमध भाताची पोती टांगली आणि रात्रभर तशीच ठेवली. सकाळी वडिलांनी सगळ्या दांडीवरून हात फिरवला, तेव्हा कुठे त्यांनी चहा घेतला.

जगात दुसऱ्या टोकालाही एक माणूस याच प्रश्नाशी झुंजला. मिखाएल थोनेट हा जर्मन सुतार १८४२ मध्ये व्हिएन्नाला गेला. बीचच्या काठ्या वाफवून तो वाकवू लागला. वाफवलेले लाकूड दाबले तर पुष्कळ आखडते, पण ताणले तर शेकडा एक-दोन भागच लांबते आणि मग फाटते. म्हणून तो बाहेरच्या बाजूला पोलादी पट्टी आवळून वाकवत असे. १८५९ ची त्याची १४ नंबरची खुर्ची १९३० पर्यंत सुमारे पाच कोटी विकली गेली. मुंबईच्या इराणी हॉटेलांतल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या त्याच वंशातल्या. वडिलांना थोनेट ठाऊक नव्हता. पण दोघांनी नियम एकच पाळला : तंतू न तोडता बाक घ्यायचा.

आज वखारीत सरळ लाकूड मिळते, वाकडे झाड जळणात जाते. मी त्याबद्दल रडगाणे गाणार नाही. पातळ पट्ट्या फर्म्यावर वाकवून एकमेकींना चिकटवल्या तरी चांगली दांडी होते, कारण तिथेही तंतू वळणाबरोबरच जातो. गावोगाव आता नव्या पालख्या होत आहेत. त्या करवून घेणाऱ्या मंडळींना एवढीच विनंती, की चांदीचा पत्रा चढवण्याआधी दांडी उजेडात धरा आणि रेषा कुठे जातात ते बघा. पत्रा चढल्यावर ते कोणालाच दिसत नाही, खांदेकऱ्यालाही नाही.

वडील आता नाहीत. शिमग्याला गावी गेलो की मी खांदा देतो. त्या बोटभर उंच बाजूला.