'सुपरनॅचरल'मधल्या देवदूताच्या प्रेमाच्या कबुलीवरून एवढा गदारोळ का झाला?

५ नोव्हेंबर २०२० ची रात्र. अमेरिकेत अध्यक्षीय निवडणुकीची मतमोजणी तिसऱ्या दिवशीही सुरूच होती आणि जगभरातले लोक नेवाडा, जॉर्जिया या राज्यांच्या आकड्यांकडे डोळे लावून बसले होते. त्याच रात्री 'द सीडब्ल्यू' या अमेरिकन वाहिनीवर 'सुपरनॅचरल' मालिकेचा शेवटून तिसरा भाग दाखवला गेला. त्यात कॅस्टिएल नावाच्या देवदूताने डीन विंचेस्टर या नायकाला 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' असं सांगितलं आणि पुढच्या काही क्षणांत तो पडद्यावरून कायमचा नाहीसा झाला.

काही तासांतच सोशल मीडियावर निवडणुकीच्या बातम्यांच्या बरोबरीने हा प्रसंग फिरू लागला. कुणी आनंदाने रडत होतं, कुणी संतापलं होतं, तर ज्यांनी ही मालिका कधी पाहिलीच नव्हती ते 'हे काय चाललंय?' असं विचारत होते. आजही या प्रसंगाची मीम्स दिसतात. नेमकं प्रकरण काय होतं? (मालिका पाहायची राहिली असेल तर लक्षात ठेवा, या लेखात तिचा शेवट सांगितला आहे.)

'सुपरनॅचरल' ही मालिका काय होती?

एरिक क्रिपके यांनी निर्माण केलेली ही मालिका १३ सप्टेंबर २००५ रोजी 'द डब्ल्यूबी' या वाहिनीवर सुरू झाली आणि पुढच्या वर्षी ती 'द सीडब्ल्यू'वर आली. १५ सीझन आणि ३२७ भाग झाल्यावर १९ नोव्हेंबर २०२० रोजी ती संपली.

कथा दोन भावांची. डीन (जेन्सन अ‍ॅकल्स) आणि सॅम (जॅरेड पॅडलेकी) हे विंचेस्टर बंधू जुन्या काळ्या इम्पाला गाडीतून अमेरिकाभर फिरतात आणि भुतं, व्हॅम्पायर, डेमन यांचा बंदोबस्त करतात. सुरुवातीला दर भागाला एक भूत असा मामला होता. पुढे स्वर्ग, नरक, देवदूत आणि शेवटी खुद्द देव असा पसारा वाढत गेला.

कॅस्टिएल कोण आणि 'डेस्टिएल' म्हणजे काय?

तिसऱ्या सीझनच्या शेवटी डीन मरून नरकात जातो. सप्टेंबर २००८ मध्ये चौथा सीझन सुरू झाला तेव्हा तो जिवंत होऊन थडग्यातून बाहेर येतो. त्याच्या खांद्यावर हाताच्या पंजाचा भाजल्यासारखा वण असतो. त्याला नरकातून ओढून काढणारा तो हात कॅस्टिएल या देवदूताचा होता. मिशा कॉलिन्स या अभिनेत्याला ही भूमिका थोड्याच भागांसाठी दिली होती. प्रेक्षकांनी कॅस्टिएलला असं काही उचलून धरलं, की तो शेवटच्या सीझनपर्यंत टिकला.

स्वर्गाचा आज्ञाधारक शिपाई असलेला हा देवदूत हळूहळू डीनसाठी स्वर्गाविरुद्धच बंड करतो. दोघांमधल्या लांबलेल्या नजरा, भांडणं, रुसवे आणि एकमेकांसाठी केलेले त्याग पाहून अनेक चाहत्यांना ही मैत्रीपलीकडची गोष्ट वाटू लागली. डीन आणि कॅस्टिएल ही नावं जोडून 'डेस्टिएल' हा शब्द तयार झाला.

दोन पात्रांची जोडी जमावी अशी इच्छा धरून तिच्याबद्दल लिहिण्या-बोलण्याला इंटरनेटच्या भाषेत 'शिपिंग' म्हणतात. हा प्रकार नवा नाही. १९७०च्या दशकात 'स्टार ट्रेक'चे चाहते कर्क आणि स्पॉक यांच्या प्रेमकथा लिहून हौशी मासिकांतून एकमेकांना पाठवत असत. मात्र डेस्टिएलचा आवाका फारच मोठा ठरला. 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या चाहत्यांच्या साहित्याच्या संग्रहात या एका जोडीवर एक लाखाहून अधिक कथा आहेत.

त्या भागात नेमकं काय घडलं?

'डिस्पेअर' म्हणजे 'निराशा' असं या भागाचं नाव. तो रॉबर्ट बेरेन्स यांनी लिहिला आणि रिचर्ड स्पेट ज्युनिअर यांनी दिग्दर्शित केला.

त्याचं मूळ चौदाव्या सीझनमध्ये आहे. जॅक या मुलाला कॅस्टिएल स्वतःच्या मुलासारखं मानत असतो. त्याचा जीव वाचवण्यासाठी कॅस्टिएल 'द एम्प्टी'शी सौदा करतो. मालिकेच्या विश्वात मेलेले देवदूत आणि डेमन ज्या काळ्या पोकळीत चिरनिद्रेत पडतात, ती ही जागा. सौद्याची अट विचित्र असते. पोकळी कॅस्टिएलला लगेच नेणार नाही. ज्या क्षणी तो खऱ्या अर्थाने सुखी होईल, त्या क्षणी ती त्याला घेऊन जाईल.

'डिस्पेअर'मध्ये मृत्यूची अधिपती असलेली बिली डीनच्या जिवावर उठते. डीन आणि कॅस्टिएल एका खोलीत अडकतात. बाहेर बिली दार ठोठावत असते आणि सुटकेचा मार्ग नसतो. तेव्हा कॅस्टिएल डीनला सौद्याबद्दल सांगतो. आपल्याला जे हवं आहे ते कधीच मिळणार नाही हे त्याला माहीत असतं, म्हणून सुखाचा क्षण येणारच नाही असं तो धरून चालला होता. आता त्याला उमगतं, की सुख मिळण्यात नाही, ते नुसतं बोलून दाखवण्यातही असू शकतं. डीनमुळे आपण बदललो, त्याच्यामुळे साऱ्या जगाची काळजी करू लागलो, असं सांगून तो प्रेमाची कबुली देतो.

डीन एवढंच म्हणतो, 'असं करू नकोस, कॅस.' कॅस्टिएल रक्ताने माखलेला हात त्याच्या खांद्यावर ठेवतो आणि त्याला बाजूला ढकलतो. पहिल्या भेटीतल्या त्या वणाची आठवण करून देणारा पंज्याचा ठसा डीनच्या जॅकेटवर उमटतो. पोकळी येते आणि कॅस्टिएल व बिली या दोघांनाही गिळून टाकते. डीन जमिनीवर बसून रडत राहतो. सॅमचा फोन वाजतो, पण तो उचलत नाही.

मग वाद कशावरून झाला?

चाहत्यांचे आक्षेप तीन प्रकारचे होते.

पहिला, 'क्विअरबेटिंग'चा. समलिंगी प्रेमाचे इशारे देत प्रेक्षकांना धरून ठेवायचं आणि ते प्रेम कधीच उघडपणे दाखवायचं नाही, या प्रकाराला हा शब्द वापरतात. गळाला आमिष लावावं तसा हा मामला. 'सुपरनॅचरल'वर हा आरोप अनेक वर्षं होत होता. बारा वर्षांनी, तेही शेवटाला दोन भाग उरले असताना कबुली आली, तेव्हा अनेकांना ती 'घ्या एकदाची' अशी वाटली.

दुसरा, 'बरी युअर गेज'चा, म्हणजे कथेतल्या समलिंगी पात्रांना मारून टाकण्याच्या खोडीचा. त्यांना प्रेम मिळालं रे मिळालं, की त्यांचा बळी जातो. २००२ मध्ये 'बफी द व्हॅम्पायर स्लेयर'मध्ये विलो आणि टारा यांचं मनोमिलन होताच टाराला भलत्यासाठीच झाडलेली गोळी लागते. मार्च २०१६ मध्ये 'द हंड्रेड' या मालिकेत लेक्सा आणि क्लार्क एकत्र आल्यावर काही मिनिटांतच लेक्साचाही तसाच अंत होतो. तेव्हा चाहत्यांनी मोठी मोहीम उघडली, एलजीबीटी तरुणांना मानसिक आधार देणाऱ्या 'द ट्रेव्हर प्रोजेक्ट' या संस्थेसाठी निधी उभारला आणि मालिकेच्या निर्मात्याला जाहीर माफी मागावी लागली. 'द हंड्रेड'ही 'द सीडब्ल्यू'चीच मालिका होती. त्यामुळे 'वाहिनी काहीच शिकली नाही का?' हा प्रश्न पुन्हा विचारला गेला.

तिसरा आक्षेप नंतरच्या शांततेवर होता. पुढच्या भागात डीनला कॅस्टिएलच्या नावाने फोन येतो आणि तो जीव तोडून दाराकडे धावतो, पण ती ल्युसिफरची चाल निघते. शेवटच्या भागात एका शिकारीत भिंतीतली लोखंडी सळई घुसून डीन मरतो आणि स्वर्गात जातो. तिथे बॉबी त्याला सांगतो, की जॅकने हा स्वर्ग नव्याने घडवला आणि कॅसने त्याला मदत केली. डीन हसतो. बस, एवढंच. कॅस्टिएल पोकळीतून कसा सुटला, डीनला त्याच्याबद्दल काय वाटत होतं, हे मालिका सांगत नाही.

बचाव करणाऱ्यांचं म्हणणं काय?

दुसरी बाजूही दुर्लक्ष करण्यासारखी नाही. मिशा कॉलिन्स यांनी हे प्रेम रोमँटिकच असल्याचं स्पष्ट केलं आणि या प्रसंगाचा आपल्याला अभिमान वाटतो असं सांगितलं. 'सुपरनॅचरल'मध्ये जवळपास प्रत्येक महत्त्वाचं पात्र मरतं. शेवटच्या भागात तर दोन्ही नायक मरतात. त्यामुळे कॅस्टिएलला वेगळा न्याय लावला असं म्हणता येत नाही, असा युक्तिवाद केला जातो.

कथेच्या अंगानेही प्रसंग हवेतून आलेला नव्हता. सौद्याची अट दोन वर्षं आधी पेरलेली होती. ही कल्पना या कथाप्रकारात जुनीच आहे. 'बफी'मध्ये १९९८ साली एंजल या व्हॅम्पायरला खऱ्या सुखाचा एक क्षण मिळताच शापामुळे त्याचा आत्मा हिरावला जातो. फरक असा, की एंजलला ते सुख बफीच्या सहवासात मिळतं. कॅस्टिएलला समोरून उत्तर न मिळताही ते मिळतं. काहींना हा निरपेक्ष प्रेमाचा कळस वाटतो, तर काहींना समलिंगी पात्राला 'तू बोललास, यातच समाधान मान' असं सांगणं वाटतं. वादाचा खरा गाभा इथे आहे.

शेवटाबाबत कोरोनाचाही विचार करावा लागतो. मार्च २०२० मध्ये चित्रीकरण थांबलं तेव्हा 'डिस्पेअर'पर्यंतचं काम झालं होतं. शेवटचे दोन भाग ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कडक निर्बंधांखाली चित्रित झाले आणि जुन्या पात्रांना एकत्र आणण्याचा बेत सोडून द्यावा लागला. मात्र डीनच्या तोंडी दोन वाक्यं घालायला कोरोनाची आडकाठी नव्हती, असं टीकाकार म्हणतात.

मीम आणि पुतिन यांचा संबंध काय?

त्या रात्री 'टम्बलर'वर अक्षरशः गोंधळ उडाला. एकीकडे बायडेन जॉर्जियात आघाडी घेण्याच्या बेतात होते. दुसरीकडे एका ब्रिटिश टॅब्लॉइडने रशियाचे अध्यक्ष व्लादिमिर पुतिन आजारपणामुळे पायउतार होणार असल्याची बातमी दिली होती. क्रेमलिनने ती फेटाळली, पण तोवर 'डेस्टिएल खरं ठरलं आणि पुतिन यांनी राजीनामा दिला' अशा पोस्ट पसरल्या होत्या. पहिली गोष्ट खरी निघाल्यामुळे दुसरीही खरी वाटली. अफवा कशी पसरते याचं हे बोलकं उदाहरण आहे.

यातूनच ते प्रसिद्ध मीम आलं. वरच्या चित्रात कॅस्टिएल म्हणतो, 'माझं तुझ्यावर प्रेम आहे.' खालच्या चित्रात रडवेला डीन उत्तरादाखल एखादी ताजी बातमी सांगतो. २०२२ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या निधनाची बातमीही कित्येकांनी डीनच्या तोंडून ऐकली!

स्पॅनिश डबिंगमध्ये काय बदललं?

वाद शमतोय असं वाटत असतानाच, नोव्हेंबरच्या अखेरीस लॅटिन अमेरिकेत दाखवलेल्या स्पॅनिश आवृत्तीची क्लिप पसरली. त्यात डीन 'असं करू नकोस, कॅस' म्हणत नाही. तो म्हणतो, 'ई यो आ ती, कास', म्हणजे 'माझंही तुझ्यावर आहे, कॅस'.

एका वाक्याने सगळा अर्थ पालटला. मूळ संहितेत हेच उत्तर होतं आणि वाहिनीने ते कापलं, अशी चर्चा सुरू झाली. शेवटी कॉलिन्स यांनी पुढे येऊन असा कोणताही कट नसल्याचं आणि हा भाषांतरातला फरक असल्याचं सांगितलं. मूळ इंग्रजी भागात डीन प्रेमाची कबुली देत नाही, हेच खरं. पण डबिंगमधलं एक वाक्य पात्राचं मन कसं बदलू शकतं, हे या निमित्ताने लाखो लोकांनी पाहिलं.

आज या प्रसंगाचं स्थान काय?

२०२२-२३ मध्ये 'द विंचेस्टर्स' ही जोडमालिका आली. डीन तिच्यात निवेदक म्हणून आणि काही प्रसंगांत दिसला, पण कॅस्टिएल नव्हता. १३ भागांनंतर ती बंद झाली आणि प्रश्न अनुत्तरितच राहिला.

कॅस्टिएलचं प्रेम मात्र आता चाहत्यांच्या कल्पनेपुरतं उरलेलं नाही. ते मालिकेचा अधिकृत भाग आहे आणि बारा वर्षं 'तुम्ही उगाच काहीतरी पाहता' असं ऐकून घेणाऱ्या प्रेक्षकांसाठी ही छोटी गोष्ट नाही. त्याच प्रेक्षकांना हेही दिसतं, की मालिकेने कबुलीला जागा दिली आणि तिच्या परिणामांना दिली नाही. डीनने त्या क्षणी उत्तर का दिलं नाही? त्याला धक्का बसला होता, वेळ नव्हता, की त्याच्या मनात तसं काही नव्हतंच? पडद्यावर यापैकी कशालाच दुजोरा मिळत नाही. म्हणून चाहते आजही त्या उत्तराच्या आपापल्या आवृत्त्या लिहीत आहेत.