चुनखडीचा हक्क : बुलडाणा जिल्हा आणि खनिज कायदा

बुलडाणा जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या बसाल्टचा आहे. सिमेंट कारखान्याला पुरतील असे चुनखडकाचे जाड थर येथे नाहीत. मात्र उत्तरेकडे पूर्णेच्या खोऱ्यातल्या गाळाच्या जमिनीत आणि नाल्यांच्या काठांवर चुनखडीचे खडे सापडतात. दक्षिण भागातून वाहणारी पैनगंगा अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते आणि मेहकरवरून पुढे यवतमाळ-चंद्रपूरकडे जाते. तिच्या खालच्या खोऱ्यात चुनखडकाचे मोठे साठे असून भूविज्ञानात त्या खडकसमूहाला पैनगंगेचेच नाव मिळाले आहे. वरच्या भागात हाताने वेचायचे खडे, खालच्या भागात सुरुंगाने फोडायचा खडक, असा हा भेद आहे. चुनखडीवर हक्क कोणाचा आणि तो कसा सिद्ध करायचा, याचे कायदेशीर उत्तरही या भेदाभोवतीच घडत गेले.

सिमेंट येण्यापूर्वी वाडे, गढ्या, मंदिरे आणि तलावांची बांधकामे चुन्यावर उभी राहत. खडे माती झटकून स्वच्छ करत आणि भट्टीत जळणाच्या थरांबरोबर रचून भाजत. भट्टीतून निघालेली कळी पाण्यात विरवली की चुना तयार होई. तो वाळूबरोबर बैलांच्या घाण्यात मळून घेत. गोल चरातून दगडी चाक जितके जास्त फिरे, तितका चुना चिकट आणि मजबूत होई. हा माल हलका नव्हता आणि महागही नव्हता, त्यामुळे तो दूरवर नेणे परवडत नसे. बांधकामाजवळच भट्टी लागे.

खनिजातून राज्याला उत्पन्न मिळावे, ही कल्पना या भागात जुनीच आहे. ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणारची नोंद आहे. तेथे काच आणि साबण यांना लागणारी द्रव्ये मिळतात व सरकारला महसूल येतो, असे त्यात सांगितले आहे. १८५३च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला आणि पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी पद्धत लागू झाली. बंगालच्या कायमधारा पद्धतीत जमीनदार खनिजांवर मालकी सांगत. रयतवारीत शेतकऱ्याला जमीन कसण्याचा आणि वारसाने देण्याचा हक्क होता, पण खनिजांचा हक्क सरकार स्वतःकडे राखून ठेवी.

स्वातंत्र्यानंतर हेच सूत्र अधिक स्पष्ट झाले. १९५६मध्ये बुलडाणा मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६०मध्ये महाराष्ट्रात आला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम ४८नुसार, सरकारने दिलेल्या सनदेत वेगळी तरतूद नसेल तर जमिनीवरील किंवा जमिनीखालील सर्व खनिजांचा हक्क राज्य शासनाकडे असतो. म्हणून सातबाऱ्यावर नाव असले तरी चुनखडी विकण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. परवानगीशिवाय उत्खनन केल्यास दंडही याच कलमाखाली होतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये केरळातील एका प्रकरणात जमिनीच्या मालकाकडे भूगर्भातील खनिजांचीही मालकी असू शकते, असे म्हटले. पण कायद्याने ती काढून घेतलेली नसेल तरच.

खनिजांचे नियमन करणारा केंद्राचा १९५७चा कायदा १ जून १९५८ रोजी अमलात आला. त्याच दिवशीच्या अधिसूचनेने बांधकामाचा चुना बनवण्यासाठी भट्टीत वापरली जाणारी चुनखडी गौण खनिज ठरवली. सिमेंट, पोलाद किंवा रसायन उद्योगाला जाणारी चुनखडी मात्र प्रमुख खनिज राहिली. अशा रीतीने दगडाची वर्गवारी त्याच्या उपयोगावर ठरू लागली. गौण खनिजाचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना मिळाला. विदर्भासाठी १९६६चे स्वतंत्र नियम होते. २०१३मध्ये संपूर्ण राज्यासाठी एकच नियमावली आली. चुनाभट्टीवाल्याला महसूल यंत्रणेकडून परवाना घ्यावा लागे, तर सिमेंट कंपनीला केंद्रीय कायद्याखालचा खाणपट्टा.

अमेरिकेतही उपयोग आणि दर्जा यांवर असाच भेद केला जातो. तेथे १८७२च्या कायद्यानुसार सार्वजनिक जमिनीवर खनिज शोधणाऱ्याला त्यावर दावा नोंदवता येतो. १९५५मध्ये सामान्य प्रतीचा दगड या सवलतीतून वगळला गेला. रासायनिक किंवा धातुशुद्धीच्या प्रतीची आणि सिमेंटयोग्य चुनखडी मात्र दाव्यास पात्र राहिली. भारतात खनिज शोधल्याने मालकी मिळत नाही. पूर्वी आधी अर्ज करणाऱ्याला अग्रक्रम मिळे. १९५७च्या कायद्यातील २०१५च्या दुरुस्तीने चुनखडी त्याच्या चौथ्या अनुसूचीत गेली आणि तिचे खाणपट्टे लिलावाने देण्याची पद्धत सुरू झाली. त्यासाठी साठ्याचा पुरावा द्यावा लागतो. नकाशे, वेधनविवरे आणि नमुन्यांचे रासायनिक पृथक्करण यांच्या आधारे अन्वेषण जी-४ ते जी-१ अशा टप्प्यांत मोजले जाते. २०१५च्या नियमांनुसार थेट खाणपट्ट्याच्या लिलावासाठी साठा किमान जी-२ टप्प्यापर्यंत तपासलेला असावा लागे.

राज्याला मिळणाऱ्या स्वामित्वधनाचे (रॉयल्टीचे) स्वरूप ठरवणारा मोठा खटलाही चुनखडीवरूनच झाला. तामिळनाडूतील इंडिया सिमेंट प्रकरणात १९८९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वामित्वधन हा कर मानला. २५ जुलै २०२४ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने तो निर्णय फिरवला. खनिज काढू देण्याच्या हक्काचा तो मोबदला आहे, कर नव्हे, असे न्यायालयाने ठरवले. खनिजाचा धनी राज्य आणि उत्खनन करणारा त्याचा पट्टेदार, हे वऱ्हाडातल्या रयतवारीपासून चालत आलेले नाते या निकालाशी सुसंगत आहे.