हेपारिनचा शोध नेमका कोणी लावला?

बाल्टिमोर, १९१६. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील शरीरक्रियाशास्त्राची प्रयोगशाळा. पंचविशीतला एक वैद्यकीय विद्यार्थी प्राध्यापकांच्या टेबलावर एक पेला आणून ठेवतो. पेल्यात मांजराचे ताजे रक्त आहे आणि त्यात यकृतापासून काढलेला एक अर्क ढवळलेला आहे. रक्त गोठले की सांगा, एवढेच तो म्हणतो. ते रक्त काही गोठत नाही.

विद्यार्थ्याचे नाव जे मॅक्लेन, प्राध्यापकांचे विल्यम हेन्री हॉवेल. हृदयशस्त्रक्रिया असो की डायलिसिस, रक्त शरीराबाहेरच्या नळ्यांतून फिरवायचे असेल तर ज्याच्याशिवाय पान हलत नाही, त्या हेपारिन या औषधाच्या जन्मकथेचा हा पहिला प्रसंग. पाठ्यपुस्तकांत तो असाच सांगितला जातो. मात्र ही कथा जितकी खोल तपासावी तितका ‘शोध’ हा शब्दच निसटू लागतो.

मॅक्लेनचा जन्म १८९० साली सॅन फ्रान्सिस्कोत झाला. १९०६च्या भूकंपाने घर आणि सावत्र वडिलांचा व्यवसाय दोन्ही उद्ध्वस्त झाले. पुढे मिळेल ती कामे करून त्याने शिक्षणाचा पैसा जमवला आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला येऊन हॉपकिन्समध्ये प्रवेश मिळवला. वर्षभरात एखादा प्रश्न स्वतंत्रपणे सोडवून दाखवायचा, असा त्याचा निश्चय होता.

हॉवेल हे रक्त गोठण्याच्या अभ्यासातले त्या काळचे मोठे नाव. मेंदूतून काढलेला ‘सेफॅलिन’ हा स्निग्ध पदार्थ रक्त गोठवतो, असे त्यांचे मत होते. ही शक्ती सेफॅलिनचीच आहे की त्यात मिसळलेल्या अशुद्ध द्रव्यांची, हे तपासण्याचे काम मॅक्लेनकडे आले. तुलनेसाठी त्याने हृदय आणि यकृत यांपासूनही तसेच अर्क काढले. यकृताचा अर्क शुद्ध करत गेल्यावर विपरीत घडले: रक्त गोठवण्याची त्याची शक्ती संपली आणि तो रक्ताला गोठूच देईना. म्हणजे गोठवणारे द्रव्य शोधायला निघालेल्या विद्यार्थ्याच्या हाती नेमके त्याच्या उलट द्रव्य लागले.

इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबून साधनांकडे पाहावे. पेल्याचा तो नाट्यमय प्रसंग आपल्याला कळतो तो स्वतः मॅक्लेनने लिहिलेल्या आठवणींतून. त्या छापल्या गेल्या १९५९ साली, म्हणजे घटनेनंतर त्रेचाळीस वर्षांनी, आणि तोवर मॅक्लेनच्या मृत्यूला वर्ष उलटून गेले होते. १९१६चा समकालीन कागद म्हणजे ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिऑलॉजी’मधला त्याचा शोधनिबंध. त्याचे शीर्षक सेफॅलिनच्या रक्त गोठवण्याच्या क्रियेविषयी आहे. गोठण्यास विरोध करणाऱ्या अर्काचा उल्लेख त्यात जेमतेम दोन-तीन वाक्यांत येतो, आणि पुढचा अभ्यास चालू आहे असे सांगून विषय संपतो.

मराठेशाहीच्या अभ्यासकांना हा पेच परिचयाचा वाटेल. एका हातात अस्सल पत्र, दुसऱ्या हातात बखर. बखर खोटीच असते असे नव्हे. पण ती कोणी, केव्हा आणि कशासाठी लिहिली हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मॅक्लेनच्या आठवणींमागे एक व्यथा होती. प्रयोगशाळेतून बाहेर पडून तो शल्यचिकित्सेकडे वळला. हेपारिन जगभर पोहोचले तेव्हा श्रेय हॉवेलच्या नावावर जमा होत होते. १९४०च्या दशकात मॅक्लेनने आपला हक्क जाहीरपणे मांडायला सुरुवात केली. १९४५ साली हॉवेल वारले आणि दुसरी बाजू मांडणारा साक्षीदार उरला नाही.

परंतु खरी अडचण आठवणींच्या विश्वासार्हतेची नाही, ती रसायनशास्त्रातच आहे.

१९१८ साली हॉवेल आणि एमेट होल्ट (हाही वैद्यकीय विद्यार्थीच) यांनी यकृतातून मिळालेल्या या द्रव्याला ‘हेपारिन’ असे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘हेपार’ म्हणजे यकृत. हे द्रव्यही मॅक्लेनच्या अर्काप्रमाणे स्निग्ध वर्गातले मानले गेले होते. पुढच्या दहा वर्षांत हॉवेलने काढण्याची पद्धत बदलली. आता जे हाती येऊ लागले ते पाण्यात विरघळणारे होते आणि त्याचे गुण चरबीचे नसून शर्करेचे होते. नाव तेच राहिले, आतला पदार्थ मात्र बदलला. आज रुग्णाला टोचले जाते ते या दुसऱ्या पदार्थाचे वंशज होय. मॅक्लेनच्या १९१६च्या पेल्यात होते ते बहुधा निराळेच काही.

मग दोन्हींना ‘हेपारिन’ म्हणण्याचा आधार काय? दोन्ही रक्ताला गोठू देत नाहीत, एवढाच! त्या काळी हे द्रव्य मोजले जाई तेही याच गुणावर. एक मिलिलिटर मांजराचे रक्त शून्य अंश सेल्सिअसला चोवीस तास पातळ ठेवायला जेवढे द्रव्य लागे, ते एक ‘हॉवेल एकक’. हे काय आहे, या प्रश्नाचे उत्तर नव्हते. हे काय करते, याचे होते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण नव्वदेक वर्षांनी तिची फार मोठी किंमत मोजावी लागली.

हॉवेलच्या काळातले हेपारिन औषध म्हणून निरुपयोगीच होते. ते इतके अशुद्ध असे की टोचल्यावर रुग्णांना ताप, डोकेदुखी, मळमळ होई. ते माणसात वापरण्याजोगे केले टोरांटोने. इन्सुलिनच्या शोधातला भागीदार चार्ल्स बेस्ट १९२०च्या दशकाअखेरीस या प्रश्नाकडे वळला. कॉनॉट प्रयोगशाळेतील आर्थर चार्ल्स आणि डेव्हिड स्कॉट यांनी गुरांचे यकृत कुजवून त्यातून द्रव्य काढण्याची रीत बसवली. दुर्गंधी एवढी सुटली की काम शहराबाहेरच्या शेतावर हलवावे लागले. पुढे यकृताऐवजी गुरांची फुप्फुसे वापरली जाऊ लागली, म्हणजे यकृतावरून पडलेले नावही अर्थाने उरले नाही. १९३५ साली टोरांटोत शल्यचिकित्सक गॉर्डन मरे यांनी ते रुग्णांत वापरायला आरंभ केला. स्वीडनमध्ये क्लॅरेन्स क्राफोर्ड यांनी शस्त्रक्रियेनंतर शिरांत होणाऱ्या गुठळ्या त्याने टाळता येतात हे दाखवले. नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांनी जर्मन अमलाखाली असतानाच कृत्रिम मूत्रपिंड चालवले ते हेपारिनच्याच आधारावर. १९५३ साली जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्र लावून हृदयाची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली, तीही त्याच जोरावर.

पदार्थ ‘काय आहे’ या प्रश्नाला भिडला तो स्टॉकहोमचा एरिक यॉर्पेस. १९३५ साली त्याने दाखवले की हेपारिन ही एक लांब शर्करा-साखळी असून तिच्यावर सल्फेटचे गट खच्चून बसवलेले आहेत. त्यांच्यामुळे साखळीवर इतका ऋण विद्युतभार साठतो की शरीरातल्या सेंद्रिय द्रव्यांत तिच्या तोडीचे आम्ल सापडणे कठीण.

आणि येथे कथेत आणखी एक विद्यार्थी शिरतो, तोही अर्धशतक मागून. १८७८ साली पाउल एर्लिख याने आपल्या पदवीच्या प्रबंधात काही विचित्र पेशींचे वर्णन केले होते. कृत्रिम रंगांत बुडवल्या की त्यांच्यातले कण रंगाची मूळ छटाच पालटून टाकत. या पेशी खाऊन-पिऊन पुष्ट झाल्या असाव्यात अशा समजुतीने त्याने त्यांना ‘मास्ट’ पेशी म्हटले. जर्मनमध्ये या शब्दाला जनावर चारून पोसण्याचा अर्थ आहे. रंग पालटणारे ते द्रव्य कोणते, हे कोडे तसेच राहिले. १९३७ साली यॉर्पेस आणि त्याचे सहकारी हॉल्मग्रेन व विलांडर यांनी ते सोडवले: ते हेपारिन होते. म्हणजे हेपारिन सर्वांत आधी ‘पाहिले’ ते एर्लिखने; आपण काय पाहतो आहोत हे त्याला ठाऊक नव्हते इतकेच.

ही साखळी शरीरात सुटी तयार होत नाही. ती एका प्रथिनाच्या कण्यावर विणली जाते, आणि अशा जोडरेणूंना प्रोटिओग्लायकन म्हणतात. बाटली घासण्याचा ब्रश डोळ्यांसमोर आणावा: मधली तार म्हणजे प्रथिन, तिच्यावरचे केस म्हणजे शर्करेच्या साखळ्या. सांध्यातल्या कूर्चेत असा एक प्रचंड ब्रश असतो, अ‍ॅग्रेकन. त्याच्या ऋणभारित साखळ्या पाणी धरून ठेवतात, म्हणून गुडघा दाब सोसतो. त्या साखळ्या असतात कॉन्ड्रॉइटिन सल्फेटच्या. हे नाव पुढे एका काळ्या प्रकरणात पुन्हा येणार आहे. मास्ट पेशीत सर्ग्लायसिन नावाच्या प्रथिनावर हेपारिन असते. हेपारिनची चुलत बहीण म्हणजे हेपरान सल्फेट. ती शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर आढळते. वाढीचे संदेश देणारी प्रथिने तिला धरूनच पेशीशी बोलतात आणि नागीण वर्गातला हर्पिस विषाणूही पहिली पकड तिच्यावरच घेतो. यॉर्पेस आणि गार्डेल यांना ती १९४८ साली सापडली, हेपारिन शुद्ध करताना बाजूला पडणाऱ्या भागात.

प्रथिनाचा क्रम जनुकात लिहिलेला असतो. या साखळ्यांचा तसा कोठेही लिहिलेला नसतो. पेशीतली विकरे साखळी विणतात आणि विणता विणता तिच्यावर दुरुस्त्या करत जातात: कोठे सल्फेट लावतात, कोठे शर्करेचा आकार फिरवतात, कोठे तसेच सोडून देतात. परिणामी दोन साखळ्या सहसा सारख्या निघत नाहीत. हेपारिन हे एका रेणूचे नाव नसून एका मोठ्या कुळाचे नाव आहे. १९७६ साली तर असे दिसले की औषधातल्या साधारण एक तृतीयांश साखळ्याच रक्तातल्या अँटिथ्रॉम्बिन या प्रथिनाला घट्ट धरतात. गोठणे थांबवण्याचे मुख्य काम त्यांचेच. ती पकड पाच शर्करांच्या एका विशिष्ट तुकड्यावर अवलंबून असते. उल्फ लिंडाल आणि इतरांनी तो हुडकून काढला, आणि १९८०च्या दशकात फ्रान्समध्ये तो प्रयोगशाळेत घडवलाही गेला.

मग १९९९ साली कथेला अशी कलाटणी मिळाली की मॅक्लेन आणि हॉवेल दोघेही चकित झाले असते. मास्ट पेशींत हेपारिन तयार करण्यासाठी लागणारे एक विकर नसलेले उंदीर दोन संशोधकगटांनी घडवले. त्यांच्यात गुठळ्या माजतील अशी अपेक्षा असती, तर ती फोल ठरली. त्यांचे रक्त ठीक होते. बिघडल्या होत्या मास्ट पेशी. प्रथिने कापणारी विकरे आणि हिस्टामिन पेशीतल्या कणांत बांधून ठेवणे, हे हेपारिनचे शरीरातले काम निघाले. रक्त पातळ ठेवणे हा माणसाने त्याच्यावर लादलेला उद्योग! ज्या गुणावरून ते ओळखले, मोजले आणि विकले गेले, तो त्याचा मूळ व्यवसायच नव्हता.

आता ती किंमत. २००७च्या अखेरीपासून अमेरिकेत डायलिसिस घेणाऱ्या रुग्णांना हेपारिन टोचताच रक्तदाब कोसळणे, श्वास अडकणे असे प्रकार घडू लागले. या काळातले अनेक मृत्यू संशयाच्या छायेत आले. तोवर जगाचे हेपारिन गुरांऐवजी डुकरांच्या आतड्यांतून येत होते आणि त्याचा मोठा भाग चीनमधून. संशयित साठे बाजारातून परत मागवले गेले. नवलाची बाब अशी की हे साठे ठरलेल्या चाचण्यांत उत्तीर्ण झालेले होते.

चाचणी कोणती? अमेरिकेच्या औषधसंहितेनुसार मेंढीचा रक्तद्रव गोठतो की नाही हे पाहायचे. मांजराच्या जागी मेंढी आली होती, पेल्याच्या जागी परीक्षानळी. विचार १९१६चाच होता. भेसळ करणाऱ्याने नेमकी हीच फट हेरली होती. २००८च्या वसंतात अणुचुंबकीय वर्णपटाच्या साहाय्याने परका पदार्थ ओळखला गेला: कूर्चेतले स्वस्त कॉन्ड्रॉइटिन सल्फेट, कृत्रिमरीत्या जादा सल्फेट चढवलेले. नैसर्गिक साखळीत दर दोन शर्करांमागे साधारण एक सल्फेट असतो, यात चार होते. इतका ऋणभार चढवल्यावर तेही रक्ताला थोडेफार गोठू देत नसे, आणि चाचणीला तेवढे पुरे होते. त्याच ऋणभाराने रुग्णाच्या रक्तात ब्रॅडिकायनिन निर्माण करणारी साखळी पेटत होती आणि रक्तदाब कोसळत होता.

हॉपकिन्समध्ये १९६३ साली एक स्मृतिफलक बसला आहे. हेपारिनच्या शोधात मॅक्लेनने मोठी भर घातली आणि तीही प्राध्यापक हॉवेल यांच्या सहकार्याने, अशा आशयाची त्यावरची शब्दरचना आहे. किती बैठका झाल्या असतील त्या मजकुरावर! पण पेल्यातल्या अर्काबद्दल तो फलक काहीच सांगत नाही. तो प्रश्न निकाली निघाला २००८-०९मध्ये, औषधसंहितेत नवे कलम घातले गेले तेव्हा: हेपारिनच्या प्रत्येक साठ्याची आधी रेणू म्हणून ओळख पटवायची, आणि मग तो रक्ताशी कसा वागतो ते पाहायचे. त्या पेल्यानंतर ब्याण्णव वर्षांनी.