चार स्क्रूंच्या आड : बेस गिटारचा इतिहास कुठे वाचावा?

१/
जुन्या फेंडर बेस गिटारच्या पाठीवरचे चार स्क्रू सोडवले, की तिची मान धडापासून अलग होते. मानेच्या बुंध्याशी, एरवी कधीच न दिसणाऱ्या जागी, पुष्कळदा पेन्सिलने लिहिलेली तारीख आढळते. क्वचित शेजारी दोन आद्याक्षरेही असतात. ही तारीख कशाची? ही अक्षरे कोणाची? आणि मुळात वाद्याची मान स्क्रूंनी का बसवली? आजचा धागा या तीन प्रश्नांचा आहे.

२/
आधी पार्श्वभूमी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकी नृत्यवृंदांत आणि जॅझमध्ये खर्जाची बाजू डबल बेस सांभाळत असे. माणसाहून उंच असे हे वाद्य. त्याच्या तारेची कंप पावणारी लांबी सुमारे १०५ सेंटिमीटर. प्रवासात ते सांभाळणे कठीण, आणि विजेवरच्या गिटारी आल्यावर त्याचा आवाज इतरांत बुडू लागला. शिवाय त्याला पडदे नसतात. सरोदियाप्रमाणे स्वराची जागा कानाने आणि बोटाने शोधावी लागते. त्यासाठी वर्षांची मेहनत हवी.

३/
यावर पहिला तोडगा लिओ फेंडर यांचा नव्हे. सिएटलचे पॉल टटमार्क यांनी १९३० च्या दशकाच्या मध्यास ‘ऑडिओव्हॉक्स ७३६’ हे वाद्य विक्रीस आणले. भरीव लाकडाचे, पडदे असलेले, विजेवर चालणारे आणि गिटारसारखे आडवे धरून वाजवायचे. म्हणजे बेस गिटारची सारी प्रमुख लक्षणे त्यात होती. तरीही ते फारसे पसरले नाही. त्यांपैकी मोजकीच वाद्ये आज ज्ञात आहेत.

४/
मग ‘पहिला कोण?’ या प्रश्नाचे उत्तर मिळूनही इतिहास उलगडत नाही. एकच कल्पना एका ठिकाणी विरते आणि पंधरा वर्षांनी दुसऱ्या ठिकाणी जग व्यापते, याचे कारण शोधावे लागते. त्यासाठी कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावच्या एका दुरुस्तीच्या दुकानात जाऊ.

५/
लिओ फेंडर (१९०९–१९९१) यांना गिटार वाजवता येत नव्हती. हिशेबनिसाची नोकरी करून त्यांनी १९३८ मध्ये रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले. वादक आपले बिघडलेले ॲम्प्लिफायर तिथे घेऊन येत. कोणता सांधा निखळतो, कुठले झाळकाम सुटते, कोणत्या भागापर्यंत हात पोहोचत नाही, हे ज्ञान त्यांना असे रोजच्या कामातून मिळाले. १९४६ मध्ये त्यांनी वाद्यांची कंपनी काढली, तेव्हा हीच दृष्टी कारखान्यात आली.

६/
व्हायोलिन किंवा पारंपरिक गिटारची मान धडाच्या खाचेत सरसाने चिकटवलेली असते. सांधा पक्का, पण मानेचा कोन बिघडला, तर तो कौशल्याने उकलून पुन्हा बसवणारा कसबी कारागीरच लागतो. १९५१ मध्ये आलेल्या फेंडरच्या ‘प्रिसिजन बेस’मध्ये ॲश लाकडाचे भरीव धड आणि मेपलची मान चार स्क्रूंनी जोडलेली होती. मान बिघडली तर दुसरी लावावी, असा हा सरळ हिशेब. रेडिओतला निकामी व्हॉल्व्ह काढून नवा बसवतात, तसा.

७/
‘प्रिसिजन’ म्हणजे अचूकता. हे नाव पडद्यांमुळे पडले. सतारीचे पडदे वादक सरकवू शकतो. इथे ते मानेत ठोकून कायमचे बसवलेले. तारेची लांबी ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटर. सप्तकाचे बारा समान भाग पाडायचे, तर प्रत्येक पडदा उरलेल्या लांबीचा साधारण १७.८ वा भाग कमी करतो. त्यानुसार पहिला पडदा सुमारे १.९ इंचांवर आणि बारावा बरोबर मध्यावर, १७ इंचांवर येतो. बोट पडद्यामागे टेकले, की स्वर नेमका लागतो.

८/
निदान गणितात तरी! प्रत्यक्षात तार दाबली की ती किंचित ताणली जाते आणि स्वर चढतो. तार जितकी जाड आणि ताठर, तितका हा दोष अधिक जाणवतो. म्हणून घोडीवरचा तारेचा टेकू थोडा मागे सरकवून तार लांबवावी लागते. गंमत अशी, की १९५१ च्या या ‘अचूक’ वाद्यात चार तारांना मिळून दोनच टेकू होते. शेजारच्या दोन तारांना एकच तडजोड मान्य करावी लागे. प्रत्येक तारेला स्वतंत्र टेकू १९५७ मध्ये मिळाला.

९/
त्याची जुळणी आजही तशीच केली जाते. बाराव्या पडद्यावर तारेला नुसता स्पर्श करून नाद काढायचा, मग तिथेच तार दाबून स्वर घ्यायचा. दाबलेला स्वर चढा लागला, तर टेकू मागे. उतरता लागला, तर पुढे. एका स्क्रूड्रायव्हरवर होणारे हे काम. जी दुरुस्ती पूर्वी कारागिराच्या हाती होती, तिचा एक भाग अशा रीतीने वादकाच्या हाती आला.

१०/
मानेचेही तसेच. चार तारांचा एकत्रित ताण एका प्रौढ माणसाच्या वजनाइतका असतो. त्याने मान पुढे वाकते, आणि दमट हवेत लाकूड ओल धरते ते वेगळेच. म्हणून मानेच्या आत ‘ट्रस रॉड’ ही पोलादी सळई असते. ती पिळली की मान उलट दिशेने ओढली जाते. ही युक्ती फेंडरची नव्हे. गिब्सन कंपनीतील थॅडियस मॅकह्यू यांना तिचे पेटंट १९२३ मध्ये मिळाले होते. जुन्या फेंडर मानेच्या पाठीवर दिसणारी अक्रोडाची गडद पट्टी म्हणजे ही सळई आत घालून बुजवलेल्या चरीची खूण.

११/
यात बाजाराची जोड महत्त्वाची ठरली. १९५२ मध्ये फेंडरने या वाद्यासाठी ‘बेसमन’ ॲम्प्लिफायर आणला. विक्रेत्यांचे जाळे होतेच. १९५३ च्या सुमारास लायोनेल हॅम्प्टन यांच्या नामांकित वृंदात मंक माँटगोमेरी हे वाद्य वाजवू लागले. पुढे अनेक वर्षे कोणत्याही कंपनीच्या बेस गिटारला सर्रास ‘फेंडर बेस’च म्हटले जाई. टटमार्क यांच्याकडे कल्पना होती. फेंडर यांच्याकडे कल्पनेबरोबर सुटे भाग, ॲम्प्लिफायर आणि विक्रीची व्यवस्थाही होती.

१२/
त्याच गरजेला युरोपात वेगळे उत्तर मिळाले. बोहेमियातील शोनबाख हे जर्मनभाषक व्हायोलिनकारांचे गाव. दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातून जर्मनभाषकांची हकालपट्टी झाली, तीत ही कारागीर कुटुंबेही निर्वासित झाली. १९४९ मध्ये बव्हेरियातील बुबेनरॉइथ या जेमतेम काहीशे वस्तीच्या खेड्याने, आपल्या लोकसंख्येहून कितीतरी अधिक अशा या लोकांना सामावून घेण्याचे ठरवले. १८८७ मध्ये शोनबाखला स्थापन झालेली हॉफनर कंपनीही तिथे नव्याने उभी राहिली.

१३/
वॉल्टर हॉफनर यांनी १९५५–५६ मध्ये ‘५००/१’ ही बेस गिटार घडवली. व्हायोलिनच्या आकाराची, आतून पोकळ, वजनाने हलकी, मान चिकटवलेली. विजेचे नवे वाद्य जुन्या हातांनी घडवले, तर ते असे दिसते. १९६१ मध्ये हॅम्बुर्गला एका तरुण डावखुऱ्या वादकाने ती सुमारे ३० पौंडांना घेतली. दोन्ही अंगांनी सारखा आकार असल्याने उलटी धरली तरी ती विचित्र दिसत नसे. तो वादक म्हणजे पॉल मॅकार्टनी.

१४/
आता पेन्सिलच्या तारखेकडे वळू. ती मान तयार झाल्याची तारीख असते. धड दुसऱ्या महिन्यातले असू शकते, मान नंतर कधी बदललेली असू शकते. वाद्याच्या पोटातील व्हॉल्यूम कंट्रोलवर आकडे ठोकलेले असतात, उदाहरणार्थ १३७६६२५. यात १३७ ही सीटीएस या उत्पादकाची खूण, ६६ म्हणजे १९६६ आणि २५ म्हणजे त्या वर्षाचा पंचविसावा आठवडा. मग वाद्य १९६६ चेच का? नाही. ते त्याआधीचे नाही, एवढेच सिद्ध होते. तेही तो भाग मूळचा असेल तर. फेंडरने १९६६ चा मोठा साठा पुढे काही वर्षे वापरला.

१५/
ताम्रपट किंवा नाणेनिधी अभ्यासणाऱ्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. निधीतील सर्वांत अलीकडचे नाणे ‘याआधी हा निधी पुरला गेला नाही’ एवढेच सांगते. सुटे भाग बदलता येण्याची जी सोय वादकाला वरदान ठरली, तिनेच इतिहासकाराचे काम अवघड केले. अस्सल जुन्या फेंडर वाद्यांना आज मोठी किंमत येते. त्यामुळे जुनी मान आणि नवे धड जोडून फसवणूकही होते. प्रत्येक स्क्रू, प्रत्येक झाळलेला सांधा म्हणूनच पुरावा असतो.

१६/
आणि ती आद्याक्षरे? ‘टीजी’ ही अक्षरे टाडिओ गोमेझ यांची. १९५० च्या दशकात फेंडरच्या मानांना आकार देणारे हे कारागीर. काही गिटारींच्या पोकळीत कागदी चिकटपट्टीवर ‘मेरी’, ‘ग्लोरिया’ अशी तारा जोडणाऱ्या स्त्रियांची नावे सापडली आहेत. १९५६ मध्ये रुजू झालेल्या ॲबिगेल इबारा पिकअपवर तार गुंडाळण्याच्या कामासाठी पुढे नावाजल्या. जाहिरातींत लिओ फेंडर यांचे नाव आले. या माणसांच्या सह्या मात्र दुरुस्तीकाराने स्क्रू सोडवले तेव्हाच उजेडात आल्या.

१७/
दुरुस्ती हीसुद्धा पुरावाच. मॅकार्टनी यांच्या त्या हॉफनरला १९६४ मध्ये नवा रंग दिला गेला आणि तिचे दोन्ही पिकअप एका लाकडी चौकटीत बसवले गेले. या बदलांमुळेच ती कारखान्यातील बहिणींपासून वेगळी ठरते. १९७२ मध्ये लंडनला ती चोरीस गेली. पन्नासहून अधिक वर्षांनी सापडली, कंपनीने ती पारखली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये मॅकार्टनी यांनी ती पुन्हा रंगमंचावर वाजवली. मोटाउनच्या असंख्य गीतांना खर्ज देणाऱ्या जेम्स जेमरसन यांची १९६२ ची प्रिसिजन १९८३ मध्ये चोरीला गेली. तिचा पत्ता अद्याप नाही.

१८/
म्हणून एक विनंती. तुमच्या घरी सतार, तंबोरा, हार्मोनियम, गिटार असे कोणतेही जुने वाद्य असेल, तर ते दुरुस्तीला देण्याआधी आतली-बाहेरची छायाचित्रे काढा. काढून टाकलेले भाग जपून ठेवा. दुरुस्त करणाऱ्याचे नाव आणि तारीख एका चिठ्ठीवर लिहून पेटीत ठेवा. उद्याच्या अभ्यासकासाठी ती चिठ्ठी मानेच्या बुंध्यावरच्या पेन्सिलच्या अक्षरांइतकीच मोलाची असेल.

(धागा समाप्त. अशा वाद्याच्या आत तुम्हाला एखादे नाव वा तारीख आढळली असेल, तर खाली अवश्य लिहा.)