छर्रा उजवीकडे का वळतो? बेंजामिन रॉबिन्स आणि वाकवलेली नळी

आजचा विषय वडोदऱ्याच्या एका प्रेक्षकांच्या पत्रातून आला. त्यांच्या मुलाकडे एअरसॉफ्ट रायफल आहे, प्लास्टिकचे सहा मिलिमीटरचे छर्रे उडवणारी. छर्रा दहा-पंधरा मीटर सरळ जातो आणि मग उजवीकडे वळतो. दुकानदारानं आधी साइट बदलायला लावली, मग नळी बदलायला. पैसे गेले, छर्रा तसाच. आता घरात सगळे म्हणतात, पोराचाच हात हलतो.

मला तसं वाटत नाही. साइट चुकीची असती, तर छर्रा नळीतून निघाल्यापासूनच सरळ रेषेत उजवीकडे गेला असता. हात हलत असता, तर एक उजवीकडे, एक डावीकडे, एक जमिनीत. हा आधी सरळ जातो, मग वळतो आणि दर वेळी एकाच बाजूला वळतो. याचा अर्थ तो हवेत स्वतःभोवती तिरका फिरतोय. बंदुकीच्या बाबतीत हे कारण ज्यानं प्रयोगानं दाखवून दिलं, तो माणूस तमिळनाडूच्या किनाऱ्यावर वारला.

बेंजामिन रॉबिन्स, जन्म 1707, इंग्लंडमधलं बाथ गाव. घराणं क्वेकर पंथाचं, म्हणजे शस्त्राला हात न लावणाऱ्यांचं! पण पोरगा गणितात शिरला आणि गणितातून तोफखान्यात. 1742 साली त्याचं तोफशास्त्रावरचं पुस्तक आलं. गोळीचा वेग मोजायला त्यानं एक जड लंबक टांगला, त्यात गोळी मारली आणि लंबक किती मागे झुलला त्यावरून वेग काढला. आज एअरसॉफ्टवाले ज्या क्रोनोग्राफवर वेग मोजतात, त्याचा हा पणजोबा.

त्या काळची बंदूक आपल्या कोकणातल्या ठासणीच्या बंदुकीसारखीच, आतून गुळगुळीत नळीची. इंग्रजांच्या ब्राउन बेस मस्केटची नळी आतून साधारण 19 मिलिमीटर आणि गोळी जेमतेम साडेसतरा. ही फट मुद्दाम ठेवलेली, कारण दारूची काजळी नळीत साचते आणि घट्ट गोळी लढाईच्या घाईत ठासता येत नाही. पण फटीमुळे गोळी नळीत आपटत आपटत पुढे जायची. शेवटचा स्पर्श ज्या बाजूला, त्यावर तिची फिरकी ठरायची. म्हणून एकाच बंदुकीची एक गोळी डावीकडे वळे, दुसरी उजवीकडे. शंभर यार्डांपलीकडे एका माणसावर नेम धरण्यात फारसा अर्थच नसे. फळी करून एकदम बार काढायचे, ते यासाठी.

रॉबिन्स म्हणाला, दोष फिरकीचा आहे. 1745 साली थोर गणिती ऑयलर यानं त्याच्या पुस्तकाचा जर्मन अनुवाद केला, मूळ पुस्तकापेक्षा मोठ्या टिपा जोडल्या आणि त्यात हे म्हणणं खोडून काढलं. गोळी नीट गोल नसते म्हणून वळते, असं त्याचं मत. ऑयलरसमोर कोण बोलणार? रॉबिन्स वाद घालत बसला नाही. त्यानं एका मस्केटची नळी तोंडापाशी थोडी डावीकडे वाकवली. पुढे काही अंतरावर पातळ कागदाचे पडदे लावले आणि बार काढला. डावीकडे वाकलेल्या नळीतून गोळी डावीकडेच निघाली, ते पहिल्या भोकांवरून दिसलं. पण नळीच्या वाकात ती उजव्या भिंतीला घासत आली होती. उजवी बाजू अडली, डावी पुढे गेली, फिरकी बसली. आणि पुढे जाता जाता ती उजवीकडे वळत गेली.

सूत्र लक्षात ठेवा: घर्षण ज्या बाजूला, वळण त्या बाजूला. नाव मात्र पडलं मॅग्नस या जर्मन शास्त्रज्ञाचं, ज्यानं 1852 मध्ये यावर प्रयोग केले. ऑफस्पिनरचा चेंडू हवेत बाहेर सरकतो, ते हेच.

आता एअरसॉफ्ट. हा खेळ 1970च्या दशकात जपानमध्ये सुरू झाला. तिथले शस्त्रकायदे कडक, म्हणून खोट्या बंदुका. 0.20 ग्रॅमचा छर्रा, वेग सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास. इतकी हलकी वस्तू लगेच खाली पडते. मग जपान्यांनी नळीच्या सुरुवातीला वरच्या बाजूनं रबराचा छोटा उंचवटा बसवला. छर्रा वरून घासतो, उलटी फिरकी घेतो आणि वर उचलला जातो. याला हॉप-अप म्हणतात. रॉबिन्सनं जो दोष पकडला, तोच इथं कामाला जुंपलाय. मला ही युक्ती फार आवडते.

अर्थात रबर बरोबर मध्यावर हवं. ते जरा उजवीकडे कललं, की घर्षण उजवीकडे आणि छर्राही उजवीकडे. नळी बदलताना दुकानदारानं जुनंच रबर तसंच तिरकं चढवलं असावं, असा माझा अंदाज.

तपास रॉबिन्सच्याच पद्धतीनं करा. डोळ्यांना गॉगल लावा. रायफल बाकावर सरळ टेकवा. ती हातात तिरकी धरली तरी छर्रा वळतो, म्हणून ही शंका आधी काढून टाका. दहा मीटरवर एक पातळ कागद, पंचवीसवर दुसरा. हॉप-अप अगदी कमी करून दहा छर्रे मारा, मग वाढवून दहा. हॉप वाढवल्यावर वळणही वाढलं, तर गुन्हेगार रबरच. ते काढा, साबणाच्या पाण्यानं धुवा, वाळवा, उंचवटा मध्यावर आणून बसवा. तेलाचा थेंबही नको, तेलकट रबरावरून छर्रा घसरतो.

भोकं चौफेर पांगलेली असतील, तर गोष्ट वेगळी. नळी कोरड्या चिंधीनं पुसा. छर्रे स्वस्तातले असतील तर टाकून द्या, त्यांच्या पोटात हवेचे बुडबुडे असतात. इथे ऑयलरचंही थोडं खरं आहे! भोकं फक्त वर-खाली पसरत असतील, तर वेग सारखा येत नाही, कुठून तरी हवा गळतेय.

फायरिंग रेंजवर एखाद्या जवानाचा ग्रुप फाटला, की उस्ताद आधी जवानालाच रगडतात. मी त्याची रायफल एखाद्या चांगल्या नेमबाजाच्या हातात द्यायचो, पाच गोळ्या. त्याचाही ग्रुप फाटला, तर रायफल आर्मररकडे आणि जवान जेवायला. वडोदऱ्याच्या त्या पोराचा हात मला निर्दोष वाटतो, ते याच हिशेबानं.

रॉबिन्सला पुढे ईस्ट इंडिया कंपनीनं किल्ले सुधारायला हिंदुस्थानात पाठवलं. 1750 मध्ये तो कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडला आला. हा किल्ला इंग्रजांनी 1690 साली मराठ्यांकडून विकत घेतलेला, छत्रपती राजाराम महाराज जिंजीला असताना. सौदा असा, की किल्ल्यावरून तोफेचा गोळा जिथवर पोचेल तिथवरची जमीन इंग्रजांची. इंग्रजांनी चांगली तोफ आणवली आणि चहूदिशांना गोळे टाकले. त्या टप्प्यातल्या गावांना तमिळमध्ये गोळ्याची गावं असंच नाव पडलं. गोळा किती लांब जातो हे ज्यानं आयुष्यभर मोजलं, तो याच किल्ल्यात 29 जुलै 1751 रोजी तापानं वारला. वय 44. सात वर्षांनी फ्रेंचांनी किल्ला जिंकून पाडून टाकला.

पेचदार नळीचा पुरस्कारही रॉबिन्सनं 1747 मध्येच केला होता. ती सैन्यात सर्रास यायला शंभर वर्षं लागली. पुढच्या भागात मिनिए गोळी, एनफील्ड रायफल आणि 1857ची काडतुसं.