औषध तपासलं कोणी? ग्लिसरॉल प्रकरण आणि तुमचा हक्क

बाटलीवरचं नाव आपण वाचतो. पण आत खरंच तेच औषध आहे का, हे कोण तपासतं? या प्रश्नाची किंमत महाराष्ट्राने एकदा मोजली आहे.

१९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल घेतलेले १४ रुग्ण दगावले. मेंदूवरचा किंवा डोळ्यातला दाब कमी करण्यासाठी ते तोंडाने दिलं जाई. त्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलिन ग्लायकॉल हे कारखान्यांत वापरायचं विषारी रसायन होतं. तेही रंगहीन आणि गोडसर, त्यामुळे बघून किंवा चाखून ओळखू येत नाही. पोटात गेलं की मूत्रपिंडं निकामी होतात. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने औषध खरेदीपासून सरकारी तपासणीपर्यंतचा ढिसाळपणा उघड केला. आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावं लागलं.

ग्राहक चळवळ त्याआधीच उभी राहिली होती. १९६६ मध्ये मुंबईतल्या गृहिणींनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी सुरू केली, तर १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत. १९८६ च्या डिसेंबरात ग्राहक संरक्षण कायदा आला. त्याच वर्षी औषध कायद्याचं कलम २६ ही सुधारलं गेलं. विकत घेतलेलं औषध ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडे तपासायला देण्याचा आणि त्याचा सही केलेला अहवाल मिळवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. या दुरुस्तीने तो मान्यताप्राप्त ग्राहक संस्थांनाही मिळाला.

हा इतिहास जुना झालेला नाही. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधातून हेच विष वीसहून अधिक मुलांच्या जिवावर उठलं. त्यांपैकी अनेकांवर नागपुरात उपचार सुरू होते.

म्हणून जालन्यात घ्या की भोकरदन-मंठ्यात, एवढं लक्षात ठेवा:

• औषधाचं पक्कं बिल घ्या. त्यावर बॅच नंबर हवा.
• औषध संपेपर्यंत बाटली, पाकीट आणि बिल जपून ठेवा.
• लहान मुलांना खोकल्याचं औषध स्वतःच्या मनाने देऊ नका.
• औषध घेतल्यावर लघवी कमी झाली, उलट्या किंवा गुंगी आली, तर बाटलीसह लगेच दवाखाना गाठा.
• शंका असल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. फसवणुकीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

मात्र भीतीपोटी बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या बंद करू नका. शंका आली तर आधी डॉक्टरांना विचारा. प्रश्न विचारणारा रुग्ण त्रासदायक नसतो. त्याच्या एका प्रश्नाने पुढच्या दहा जणांचा जीव वाचू शकतो.