पासवर्ड कुणाचा होता?

इंग्लंडमधे नॉर्थॅम्प्टनशायर नावाचा एक परगणा आहे, आणि त्यात एक लहानसं गाव आहे ज्याचं नावच ओल्ड. १८६५ साली तिथल्या विल्यम नाईट नावाच्या माणसाने घोडागाडीतून मालाची ने-आण सुरू केली. म्हणजे आपल्याकडे ५७ सालचा धुरळा उडाल्याला जेमतेम आठ वर्षं झाली होती. त्या धंद्याचं पुढे नाव पडलं 'नाईट्स ऑफ ओल्ड'. नाव वाचून चिलखत घातलेले शूरवीर डोळ्यांपुढे येतात, पण हे आपले साधे गाडीवान :)

घोडे गेले, ट्रक आले. दोन महायुद्धं झाली, मंदी आली नि गेली. कंपनी टिकली. २०१६ साली आणखी काही वाहतूक कंपन्यांबरोबर एकत्र येऊन केएनपी लॉजिस्टिक्स हा समूह झाला. २०२३ मधे त्यांच्याकडे सुमारे ५०० ट्रक होते आणि नऊशेच्या आसपास माणसं.

आणि मग जून २०२३ मधे एके दिवशी तिथले कॉम्प्युटर बंद पडले.

'अकिरा' नावाच्या टोळीचं ते काम होतं. कंपनीचा सगळा डेटा त्यांनी कुलूपबंद केला आणि किल्लीसाठी खंडणी मागितली. चिठ्ठीतली भाषा मात्र मोठी सभ्य: रडारड, राग बाजूला ठेवूया आणि समंजसपणे बोलूया, अशा अर्थाची. आकडा लिहिला नव्हता. जाणकारांचा अंदाज होता की मागणी पन्नास लाख पौंडांपर्यंत जाऊ शकली असती. तेवढे पैसे कंपनीकडे नव्हते.

बॅकअप नव्हता का? होता. पण चोरांनी तोही नष्ट केला होता. विमा? तोही होता. आपली यंत्रणा धंद्याच्या नियमांना धरून आहे असं कंपनीचं म्हणणं होतं.

मला सगळ्यात विचित्र वाटलं ते पुढचं. ट्रकांना साधा ओरखडाही आला नव्हता. डिझेल होतं, ड्रायव्हर होते, रस्ते तिथेच होते. पण कुणाचा माल कुठे पोचवायचा, कुणाचं बिल यायचं बाकी आहे, महिन्याचा जमाखर्च काय, हे सगळं त्या कुलूपात. आधीच बाजार मंदा होता, नव्या भांडवलाची गरज होती. पैसे लावणारा आधी हिशोब बघणार, आणि हिशोबच दाखवता येईना! सप्टेंबर २०२३ मधे कंपनीचं दिवाळं निघालं. समूहातली एक शाखा विकली गेल्याने १७० जणांच्या नोकऱ्या वाचल्या. बाकी ७३० माणसं घरी बसली. १५८ वर्षांचा धंदा तीन महिन्यांत संपला.

चोर आत शिरले कसे? बहुधा एका कर्मचाऱ्याचा पासवर्ड ओळखून. बस्स, एवढंच.

कंपनीचे संचालक पॉल अ‍ॅबट यांनी पुढे बीबीसीला सांगितलं की त्यांनी त्या कर्मचाऱ्याला हे कधी कळवलंच नाही. तुमच्या जागी तुम्ही असता तर तुम्हाला हे कळायला हवं होतं का, असा त्यांचा उलट प्रश्न.

ह्या प्रश्नापाशी मी बराच वेळ अडकून पडलो. त्या माणसाच्या शेजारी बसणाऱ्याची नोकरी गेली, स्वतःचीही गेली असेल, आणि हे कशामुळे झालं ते त्याला ठाऊकच नाही. सांगणं क्रूर. न सांगणं... कळत नाही.

मग आठवला आपला 'ध चा मा'. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. लहानपणापासून आपण ऐकत आलो की आनंदीबाईने 'धरावे'चं 'मारावे' केलं. एका अक्षरात पेशवा गेला! इतिहासकारांना ही गोष्ट तितकीशी पटत नाही, पण लोकांना भारी आवडते. कारण एक अक्षर आणि एक बाई सापडली की बाकीच्यांकडे बघायची गरज उरत नाही. काकांची गादीची हाव, गारद्यांची थकबाकी, आणि पहाऱ्याचे लोकच कटात, हे सगळं त्या एका 'मा'मागे झाकलं जातं. रामशास्त्र्यांनी चौकशी केली तेव्हा खुद्द राघोबादादांपर्यंत बोट गेलं होतं.

तसंच हा पासवर्ड. तो कच्चा असेल, मान्य. पण एका माणसाचा एक शब्द फुटला की सगळा वाडा उघडा, बॅकअपची खोलीसुद्धा, ही रचना त्या माणसाने केली नव्हती. मोबाईलवर येणारा दुसरा कोड, कॉम्प्युटरच्या जाळ्यापासून पूर्ण तोडून ठेवलेली हिशोबाची एक प्रत, हे दुसरे-तिसरे दरवाजे बसवणं वरच्यांच्या हातात असतं.

अ‍ॅबट यांनी नंतर मांडलेली सूचना मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. गाडीचं जसं दरवर्षी पासिंग होतं, तसं कंपनीच्या कॉम्प्युटरचंही व्हावं, असं ते म्हणतात. ट्रकवाल्यालाच सुचावी अशी गोष्ट! ब्रेक तपासल्याशिवाय ट्रक रस्त्यावर आणता येत नाही. उतारावर ब्रेक निकामी झाला तर आपण ड्रायव्हरला विचारतोच, पण मालकालाही विचारतो, शेवटचं पासिंग कधी केलं होतंस?

त्या कर्मचाऱ्याला सांगायला हवं होतं का? मला वाटतं, हो, पण अर्धं नाही. "तुझा पासवर्ड होता" एवढंच सांगणं म्हणजे पुन्हा 'ध चा मा'. त्यापुढचं वाक्यही सांगायला हवं, "आणि त्यामागे दुसरं दार आम्ही बसवलं नव्हतं."

तुम्हाला काय वाटतं? तुम्ही सांगितलं असतंत?